सहा माणसं आणि दोघांपुरता रस्ता

घरातल्या सगळ्यांनी मिळून चालायला जायचं म्हटलं की कॅलेंडरवरचं चित्र डोळ्यांपुढे येतं. आजी, आजोबा, आई, बाबा, पोरं, सगळे हातात हात घालून एका ओळीत. आमच्या सोलापुरात सात रस्त्यावरून रंगभवनाकडे अशी ओळ धरून कुणी चालून दाखवावं, मी त्याला शेंगा चटणीचा किलोचा डबा बक्षीस देते. फुटपाथवर आधी पाणीपुरीची गाडी, पुढे कुणाचीतरी लावलेली स्कूटर, मग झाकण तिरकं बसलेला चेंबर आणि त्याच्यापुढे अंग पसरून झोपलेलं कुत्रं. उरलेल्या जागेतून दोन माणसं जातात. तिसरं आलं की त्यानं रस्त्यावर उतरायचं आणि मागच्या रिक्षावाल्याचं ऐकून घ्यायचं.

आम्ही सहा जण. मामा, आत्या, नवरा, मी, अकरावीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. (आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी नात्यांचा गुंता करून घेऊ नये.) सहा जणांच्या तीन जोड्या होतात. रस्त्यानं नाइलाजानं पाडलेल्या या जोड्यांमुळेच आमचं चालणं टिकलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात मामांच्या साखरेनं झाली. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा वर गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवायच्या आधी जेवणानंतर चालून बघा, दोन्ही वेळा पंधरा-पंधरा मिनिटं. जेवल्यावर तासा-दीड तासात रक्तातली साखर चढते. त्याच वेळी मांड्या-पोटऱ्यांना काम लावलं की ते स्नायू साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनच्या मेहेरबानीची फारशी गरज लागत नाही. आपली शतपावली यापेक्षा वेगळं काय सांगत होती? फक्त शंभर पावलांवर थांबू नका, एवढंच डॉक्टरांचं म्हणणं.

"साहेब, मी जन्मभर चाललोय," मामा म्हणाले. खोटं नव्हतं. मामा गिरणीत लूमवर होते. पहाटेच्या भोंग्याला घर सोडायचं, चालत गिरणी गाठायची, पाळी संपेपर्यंत लूमांच्या मधल्या बोळातून येरझाऱ्या घालायच्या आणि चालतच घरी यायचं. जुनी मिल १८७७ साली उभी राहिली, तेव्हापासून कितीतरी पिढ्या हे गाव भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर जेवलं. डॉक्टर सोलापूरचेच, त्यांनी बरोबर मेख मारली. "गिरणी बंद झाली काका, तेव्हापासून तुमचं चालणंही बंद झालं." मामा गप्प. मग डॉक्टरांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. मी पतसंस्थेत कॅशला, दिवसभर खुर्चीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं घामाची हालचाल हवी आणि ५ ते १७ वयाच्या पोरांना रोज सरासरी ६० मिनिटं. आमच्या घरात या हिशेबात बसणारं माणूस एकच निघालं, पाचवीतलं. कारण ते चालत नाही, पळतं.

मग ठरलं. दुपारचं पंधरा मिनिटांचं मामा-आत्यांनी गल्लीतल्या गल्लीत उरकायचं, आणि रात्री सगळ्यांनी मिळून निघायचं. सात रस्ता, रंगभवन, डफरीन चौक, चार पुतळे आणि जमलं तर सिद्धेश्वराच्या तलावापर्यंत. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४३-४४ ला जातो. रात्री नऊला निघालं तरी कंपाउंडच्या भिंती गरम झळ सोडत असतात, पण सहा वाजता निघण्यापेक्षा ते परवडलं. आणि नळाला पाणी यायचं त्या दिवशी चालणं बंद. बाहेरगावच्यांना सांगावं लागतं, सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं, पिंप, बादली भरणं हाच व्यायाम. तो डॉक्टरांच्या हिशेबात धरतात की नाही, विचारायचं राहिलंय.

जोड्या आम्ही ठरवत नाही. चपला घालून गेटबाहेर आधी पडेल तो पहिला, त्याच्या मागून येईल तो त्याचा जोडीदार. आत्यांनी मात्र दोन नियम घालून दिलेत. मी आणि नवरा एकत्र चालायचं नाही, कारण आम्ही चालता चालता हप्ते आणि गॅसचं बुकिंग काढतो. आणि आत्या स्वतः मामांबरोबर चालणार नाहीत. "पन्नास वर्षं ऐकलंय की त्यांचं," हे त्यांचं कारण.

त्यामुळे कुणाच्याही वाट्याला कुणीही येतं. आत्या माझ्या वाट्याला आल्या तर मी ऑफिसचं डोकं घरीच ठेवून येते, कारण आत्यांची गाडी प्रत्येक थांब्यावर थांबते. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी तोंडात बसलेलं. फुलवाली असो, फळांचा गाडा आवरणारी असो, "ऊटा आत्री?" म्हणजे जेवलात का, हे विचारल्याशिवाय आत्या पुढे सरकत नाहीत. पलीकडून जेवणात काय होतं इथपासून सुनेचं बाळंतपण कुठे केलं इथपर्यंत उत्तर येतं. माझ्या माहेरी कानडी नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कानडी मला घरात कुणी शिकवलं नाही. जे काही समजतं ते डफरीन चौकापर्यंतच्या या फुटपाथवरच.

चालण्याची गती कशी ओळखायची याची एक साधी खूण आहे. बोलता यावं, पण गाता येऊ नये. मुलीला ही खूण फार आवडली. ती मध्येच कुणालाही थांबवून "गा बघू" म्हणते. नवऱ्याला गाता येत नाही, तर ते चालण्यामुळे की एरवीच, हे कळायला मार्ग नाही. आत्या मात्र पूर्ण भजन म्हणून दाखवतात. म्हणजे त्यांची गती कमीच पडते. पण त्यांच्या गुडघ्यांना तेवढीच झेपते, आणि डॉक्टरांनीही तेवढीच पुरे म्हणून सांगितलंय.

आता खरी गोष्ट. एका रात्री नवरा आणि मुलगा पुढे होते, मी आणि आत्या बऱ्याच मागे. आम्हाला बोलणं ऐकू येत नव्हतं. रंगभवनापर्यंत दोघांची चाल सारखी होती. डफरीन चौकाच्या अलीकडे मुलगा काहीतरी बोलला आणि नवऱ्याच्या चालीत फरक पडला. थांबला नाही, पण हात मागे बांधले. हात मागे बांधले की हा माणूस हिशेब करतोय, हे मला माहीत आहे. चार पुतळ्यांपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत.

झालं होतं असं, की पोराला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास सोडायचा होता. जमत नाही म्हणून नाही, नको म्हणून. चार पुतळ्यांपाशी नवऱ्यानं एकच विचारलं, "फी परत देतात का?"

"नाही."

"मग दिवाळीपर्यंत तरी जा."

एवढंच. हेच बोलणं घरात सोफ्यावर समोरासमोर बसून झालं असतं तर पहिल्या दोन वाक्यांतच आवाज चढले असते, मग मी स्वयंपाकघरातून धावत आले असते, मग मामांनी टीव्हीचा आवाज मोठा केला असता. चालताना दोघांचीही नजर समोर असते. एकमेकांचा चेहरा वाचायचा नसतो. आणि गप्प बसलं तरी पाय चालू असतात, त्यामुळे गप्प बसणंही जड होत नाही. डफरीन चौक ते चार पुतळे एवढा वेळ माझा नवरा घरात कधीच गप्प बसलेला नाही. पुढे दिवाळी झाली आणि पोरानं क्लास सोडला. त्यावर आमच्यात काय काय झालं ते इथे लिहीत नाही, ते आमचं आम्हाला.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. चालताना मार्क, हजेरी आणि नातेवाइकांची मुलं हे विषय मी काढत नाही. समोरच्यानं काढले तर ऐकते.

चार पुतळ्यांपाशी मामा रोज क्षणभर थांबतात. पूर्वी एकटे थांबायचे, आता नात बरोबर असते. ते हजेरी घेतल्यासारखी नावं घेतात आणि ती प्रत्येकाला "हजर" म्हणते. मल्लप्पा धनशेट्टी. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. पाठ्यपुस्तकात चार ओळींत संपणारा धडा. "आजोबा, तुम्ही होता का तेव्हा?" तिनं विचारलं. "माझा बाप होता. पोरगाच होता, तुझ्याहून थोडा मोठा," मामा म्हणाले, आणि मग मार्शल लॉच्या दिवसांत दाराला कडी घालून बसलेल्या घरातल्या कितीतरी गोष्टी निघाल्या, ज्या त्यांनी स्वतःच्या मुलालाही सांगितल्या नव्हत्या. नवरा मागून कान देऊन ऐकत होता.

रविवारचं चालणं वेगळं. रोज तोच रस्ता म्हटल्यावर मुलगी कंटाळली, तेव्हा आत्यांनी सुचवलं की ६८ लिंगं करूया. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सातही नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि तैलाभिषेकासाठी या लिंगांची प्रदक्षिणा करतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी एवढ्या उंच काठ्या पेलून दिवसभर चालतात. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव करतात. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता. हे सगळं आम्ही दरवर्षी बघतो, पण ६८ लिंगं नेमकी कुठे कुठे, हे विचारलं तर अर्ध्या सोलापूरकरांची बोलती बंद होईल. माझी झाली होती.

एका दिवसात सगळी करायची हौस आम्ही केली नाही. रविवारी सकाळी एक भाग धरायचा आणि मिळतील तेवढी लिंगं करून नाश्त्याला घरी. काही नीट देवळात आहेत, काही रस्त्याच्या कडेला, काही घरांना इतकी खेटून की ओळखीचं माणूस सोबत नसेल तर दिसणार नाहीत. मुलगी वहीत नोंद करते. पूर्व भागातल्या एका गल्लीत आम्ही चुकलो. उंबऱ्यात एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. आत्यांनी कानडीत विचारलं, बाईंनी तेलुगूत उत्तर दिलं, आमच्यातल्या कुणालाच ते कळलं नाही. मग तिनं तेंदूचं पान कापायची कात्री उचलली आणि कात्रीच्या टोकानंच दाखवलं, असं सरळ, मग असं. हातातली विडी अर्धी वळलेली तशीच होती. आम्ही बरोबर पोचलो.

याच रविवारांवरून घरात मोठा वाद झाला. मामांना अनवाणी चालायचं होतं. लिंगांच्या दर्शनाला पायात चपला, हे त्यांच्या जिवाला पटेना. आणि साखरेच्या माणसानं अनवाणी चालायचं नाही, हा डॉक्टरांचा हुकूम. साखरेनं पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग काटा गेला तरी कळत नाही, जखम चिघळल्यावर कळतं. नातवानं त्यांना चिकटपट्टीचे बूट आणून दिले. मामांनी ते उलटसुलट करून पाहिले. "शाळेत घालताय काय मला?" पण घातले. मी म्हटलं, देवळाच्या पायरीपर्यंत बूट, पायरीवर काढा. त्यावर तडजोड झाली.

बूट आले तसा रोजचा एक कार्यक्रमही आला. घरी आल्यावर मामा खुर्चीत बसतात आणि मुलगी मोबाइलची बॅटरी लावून त्यांचे तळवे तपासते. पहिल्या दिवशी तिनं पाय सरळ मांडीवर घेतला तर मामा ओरडलेच, पोरीच्या मांडीवर पाय ठेवतात होय! आता पाय स्टुलावर असतो. ती आधी टाच बघते, मग कडा, मग एकेक बोट बाजूला करून मधल्या खाचा. टाचेला भेगा आहेत, त्यांना तिनं नदीची नावं दिलीत, भीमा आणि सीना. एके रात्री करंगळीच्या बाजूला बुटानं घासून पाणी भरलेला फोड आला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. "दुखतंय का?" तिनं बोटानं हळूच दाबून विचारलं. "कुठे?" मामांनी विचारलं. त्यांना खरंच काही कळत नव्हतं. त्या "कुठे"नं मी जेवढी घाबरले तेवढी कुठल्याही रिपोर्टनं घाबरले नव्हते. फोड आम्ही फोडला नाही, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवला, बूट एक नंबर मोठा आणला.

जाता जाता एवढंच सांगते, साखरेच्या गोळ्या चालू असलेलं माणूस बरोबर असेल तर खिशात ग्लुकोज किंवा खडीसाखर ठेवा. दरदरून घाम, हात थरथरणं, डोकं हलकं होणं दिसलं की थांबवा, गोड द्या, बसवा.

पावलं मोजायचं खूळ आमच्याकडेही येऊन गेलं. मुलानं सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ते ॲप घातलं आणि दहा हजाराचा आकडा लावला. आत्यांचा आकडा कायम कमी, त्या खट्टू. शेवटी त्यानंच शोधून काढलं की दहा हजार हा आकडा काही डॉक्टरांनी बसून ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. "म्हणजे जाहिरात की!" मामा म्हणाले. ॲप गेलं. आता बाहेर पडताना घरातून एकच मोबाइल निघतो, तोही अंधाऱ्या पट्ट्यात बॅटरी लावायला. मुलाचे मित्र रस्त्यात भेटतात, "काय करलालास बे?" विचारतात. पूर्वी तो "काही नाही बे" म्हणून पुढे सटकायचा. हल्ली "आजोबांना फिरवलालो" म्हणतो. मामा म्हणतात, कोण कुणाला फिरवतंय ते विचारा.

पार्क चौपाटीचं काय, हा प्रश्न जाणकार सोलापूरकर विचारणारच. चार पुतळ्यांपर्यंत जायचं आणि चौपाटीकडे पाठ करून यायचं, हे माणसाचं काम नाही. अर्धा तास चालून शंभर-सव्वाशे कॅलरी जळतात आणि एका वडापावात त्याच्या दुपटीहून जास्त असतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस चौपाटीचा, बाकी दिवस रस्ता ओलांडून पलीकडून चालायचं. मामांना त्या दिवशीही फक्त आमच्याकडे बघायला मिळतं, त्याचा ते यथेच्छ वचपा काढतात.

फायदा काय झाला म्हणाल, तर मामांची सरासरी खाली आली आणि गोळी वाढली नाही. आत्यांचे गुडघे होते तसेच आहेत. माझं वजन जिथल्या तिथे, पण रात्री झोप लागते. चमत्कार कुणाचाच झाला नाही.

मागच्या कोजागरीला नवरा आणि मुलगा तुळजापूरला चालत गेले. सोलापुरातल्या रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघायचं आणि रात्रभर चालत आई भवानी गाठायची, ही आमच्याकडची जुनी चाल. साधारण ४५ किलोमीटर. त्या वेळी रस्ता वाहनांना बंद असतो, माणसांनी भरून वाहतो. जागोजागी चहा, केळी, दूध देणारी मंडळं असतात, पाय चोळून देणारेसुद्धा. दोघं दुसऱ्या दिवशी एसटीनं परत आले तेव्हा जिना चढताना कठड्याला धरून चढत होते, आणि बापलेकांत काहीतरी गुपित होतं. ते मला आजवर कळलेलं नाही.

या वर्षी मामांनी काढलंय, मलाही जायचंय. तुळजापूरपर्यंत नाही, वाटेवरच्या उळ्यापर्यंत. नवरा म्हणतो, उळे फार झालं, हिप्परग्याच्या तलावापर्यंत या. आत्या म्हणतात, रूपाभवानीला नारळ फोडा आणि घरी या. मी आपली विचारते की रस्ता बंद असतो, गाडी नाही, परत कसं आणायचं तुम्हाला? मामा म्हणतात, "चालत येतो की."

सोमवारी दवाखान्यात नंबर लावलाय. डॉक्टरांपुढे काय बोलायचं आणि काय नाही, ते मामा आणि त्यांच्या नातवानं परवा रंगभवनापाशी ठरवून टाकलं. मी मागच्या जोडीत होते, सगळं ऐकलंय.